उजवीकडची सीट

मला एकच सांगा साहेब — वहिनी ‘थांबा’ म्हनल्या असतील अन् दादाला आयकू आलं नसंल, असं व्हऊ शकतं का न्हाई? पोलिसाला इचारलं, तो म्हनला घरी जा. वहिनीच्या बापाला इचारलं, त्यानं तोंड फिरवलं. तुम्हाला इचारून राह्यलो, कारन तुमच्या गाडीचं स्टेरिंग डावीकडं हाय. आमच्या दादाच्या गाडीचंबी तसंच व्हतं — बसा की, त्या टायरावर बसा, पंक्चर काढायला टाईम लागतो. ताई, तुम्ही उतरा. जॅक लावायचाय. ती खुर्ची घ्या, सावलीत.

आपल्या हिकडं ड्रायव्हर उजवीकडं — जरा भायेर घेतली की म्होरचा रोड दिसतो. डावीकडं बसनाऱ्याला काय दिसतं? ट्रकचं बूड. मंग ट्रक मागं टाकायचा तर उजवीकडं बसलेल्यानं खिडकीतून वाकून बघायचं अन् सांगायचं — चला, न्हाईतर थांबा. दादाच्या लग्नाआधी ते काम माझं. तो इचारायचा, “येतंय का रे कोनी?” मी म्हनायचो, “दाब!” सातवीत शाळा सुटली माझी, पर ह्या कामात कधी नापास झालो न्हाई. मंग शालूवहिनी आल्या अन् मी गेलो मागच्या सीटवर. वहिनी लई हसायच्या — “सत्यनारायनाला बसल्यावानी रोजच बसवतेत मला नवऱ्याच्या उजव्या हाताला, परसाद काई देत न्हाईत!”

काय? तुमच्या गाडीचे कागद बराबर हायेत? दादाबी, कल्याणदादा, हेच म्हनायचा — कागद एक नंबर. व्हतेच एक नंबर, पर दुसऱ्या गाडीचे! गाडी दुबईची. सुटे पार्ट म्हनून जहाजातून आली, कुठल्या तरी गॅरेजात जोडली, अन् भंगारात गेलेल्या जुन्या गाडीचा नंबर तिला ठोकला. दादाला ठावं व्हतं का? अर्धं व्हतं. स्वस्तात मिळती म्हनल्यावर मानूस अर्धंच इचारतो. तुम्ही वाकून बघितला का कधी चेसिसचा नंबर — आरसी बुकातल्याशी जुळवून? — न्हाई ना. कोनीच बघत न्हाई.

त्या दिशी गाडीत दोघंच, मी नव्हतो. अंबड रोडला उसाची ट्रॉली व्हती म्होरं. दादानं गाडी भायेर काढली, समोरून टेम्पो. दोघंबी जाग्यावरच — माझा दादाबी अन् वहिनीबी. गाडीचं तोंड पार चेपलेलं, स्टेरिंग कुठलं अन् काय कुठलं. पंचनामा लिहिनाऱ्यानं काय केलं — बाई उजवीकडं सापडली, म्हंजी चालवनारी बाईच. लिहून मोकळा! अहो, वहिनीला सायकल येत नव्हती! मी वरडून वरडून सांगितलं, स्टेरिंग डावीकडं व्हतं. ते म्हनले, बुकात तर उजव्या स्टेरिंगची गाडी हाय. मंग दुसरे साहेब आले, त्यांनी चेसिस घासून नंबर बघितला अन् म्हनले, ही ती गाडीच न्हाई. झालं — विमावाल्यानं हात झटकले, आमचा विमा त्या गाडीचा. कस्टमचा कागद आला, ही गाडी देशात आलीच कशी? आता हे माझ्या आईनं सांगावं का? टेम्पोवाल्याचा पाय गेला, तो भरपाईला आमच्याच दारात येनार, अन् यावंच त्यानं. सगळ्यांनी गाडी बघितली साहेब, पर पंचनाम्यात वहिनी आजूक चालवूनच राह्यल्या.

गावात एकच बोलनं — बाईच्या हातात गाडी दिली, मंग काय व्हनार. वहिनीचे वडील कडूबामामा, ते आमच्या घरावरून जात न्हाईत आता, बांधाबांधानं जातेत. मला म्हनले, “माझ्या पोरीनं तुमचा पोरगा मारला.” वकिलाला इचारलं. तो म्हन्तो, लिहून दे की गाडी चोरवाटेची व्हती अन् तुझा भाऊच चालवत व्हता — पर मंग सगळं भावावर येतं. आई म्हनती, “मेला तरी माझा पोरगा चांगला राहू दे.” अन् वहिनी? वहिनी कोनाची पोरगी न्हाई का? सोमवारी जाऊन राह्यलो मी अंबडला, लिहून द्यायला. आईला सांगितलेलं न्हाई — हळू बोला, ती ह्या पत्र्यामागंच राहती.

हा बघा खिळा. बघता काय असं? हो, नवा हाय. गंजलेला न्हाई, रोडवरचा न्हाई. तुम्ही समोर च्या प्यायला थांबले अन् ताई उजवीकडून उतरल्या, तसं माझं डोकंच फिरलं. मीच ठोकला. द्या शिवी — द्या, दादाबी द्यायचा. पर आयका, ताई मागच्या सीटवर बसत असतील तरच चाक लावतो, न्हाईतर हा पाना ह्या विहिरीत. — बसताल ना ताई? शब्द? — मंग झालं. पैसे नको. जावा. गाडी घरी उभी करा अन् त्यो नंबर बघा.

रडू नका ताई. मी न्हाई रडलो. दोघांच्या अस्थी शहागडला गोदावरीत सोडायला मीच गेल्तो, काळी-पिवळीतून. मागच्या सीटवर मी मधी बसलो. दादाचं मडकं उजव्या हाताला ठिवलं, वहिनीचं डाव्या — रोडाच्या कडंला, तिकडून काई येत न्हाई म्हनून. दोघांवर हात ठिवले. अन् वाटंत म्होरं उसाची ट्रॉली लागली. ड्रायव्हरनं भायेर घेतली. मी दादाच्या मडक्यावरून वाकून बघितलं — रोड मोकळा व्हता साहेब, पार लांबपर्यंत कोनी नव्हतं — तरीबी मी जीव खाऊन वरडलो, थांबा.