बाळाबाईला रणगाडा दाखवायचा होता

न्हाय, तुमीच सांगा, रणगाड्याच्या तोफंला झेंडूची माळ घालत्यात व्हय? आणि पोटात डीजे? अहो, रणगाडा म्हंजी काय चेष्टा हाय!

तुमास्नी सांगतो पावणं, मी कृष्णात. रिटायर दफेदार. सगळी नोकरी रणगाड्यात गनर म्हणून काढली, राजस्थानच्या वाळूत. औंदा आमच्या गणपती मंडळाचा अध्यक्ष सम्राट घरी आला, म्हणतोय कसा, "दादा, मिरवणुकीला रणगाडा करूया, आतलं सगळं तुमी सांगा!" मी कशाला व्हय म्हणतोय? पण आमची बाळाबाई! लगीन झाल्यापास्नं इचारतीया, "त्या लोखंडी डब्यात बसून तुमी नेमकं करत काय हुता?" म्हटलं, दाखवूनच टाकू एकदा!

बसलो की पोरांस्नी सांगत. म्हटलं, ऊस भरल्याल्या दोन ट्रकांएवढं धूड, पर चिखलात रुतत न्हाय, चाकावरचा पट्टा वजन वाटून घेतोय. आत माणसं तीनच. गोळा मशीन भरतंय. मिट्ट अंधारात माणूस नुस्त्या अंगाच्या उबंवर दिसतोय! आणि पळता पळता नेम... कोंबडी हातात धरून हलवा, मुंडकं जाग्यावर ऱ्हातंय का न्हाय? तसं! गाडी खड्ड्यातनं उडू दे, तोफ निशाण्यावरनं हलायची न्हाय!

सम्राट जांभई देत म्हणतोय, "दादा, ॲव्हरेज किती देतोय?"

ॲव्हरेज! अरं, रणगाडा म्हंजी काय चेष्टा हाय!

तर ट्रॅक्टरला ठोकलं प्लायवूड, तोफ म्हणून लावला पाईप. वर तोफंच्या फिरत्या बुरुजात मी, खाली ट्रॅक्टर चालवाय मंडळाचा तोहिद. प्लायवूडमुळं त्येला फुडचं काय दिसंना. आता खऱ्या गाड्यातबी ड्रायव्हरला कमीच दिसतंय, म्हणून कमांडर वरनं त्येच्या कानात सांगतोय. तसं मी सांगणार हुतो. पर त्यो डीजे! मी बोंबलतोय, "तोहिद, डावीकडं घे, डावीकडं!" खालनं त्यो, "काऽय? गाणं बदलू?"

आणि गेला की सरळ! तोफ घुसली समोरच्या मंडळाच्या स्वागत कमानीत, बुरूज गर्रकन फिरला, गाडी फुडं, माझं तोंड मागं, वरनं कमान आमच्या डोस्क्यात! आणि लोकं? शिट्ट्या! टाळ्या! "वन्स मोर" म्हणत्यात... रणगाडा म्हंजी काय चेष्टा हाय!

तसाच रागानं खाली उतरलो. अहो, भट्टीवानी तापल्याल्या गाड्यात उमर घालवली, घाम डोळ्यात गेला तरी दुर्बिणीवरनं डोळा काढला न्हाय, आणि त्येचा ह्यो तमाशा? तवर गर्दीतनं बाळाबाई आली. माझ्या तोंडावरची धूळ पदरानं पुसली. तिच्या डोळ्यात पाणी. म्हटलं, चला, हिला तरी कळलं.

म्हणती कशी, "अवो, एवढं हाल काढलासा व्हय? आणि... असं धडकत फिरूनबी सरकारनं तुमास्नी ठेवून घेतलं?"

म्हटलं, "व्हय. माणसं कमी पडत हुती."