बिनलसणीच्या घरातला वास

सकाळी सहा चाळीसला सुरू झालं हे सगळं — थांबा, विराट, आत नाही जायचं, ते अग्निशमनचे मास्कवाले अण्णा सांगेपर्यंत इथंच कट्ट्यावर बसा. भाड्याची खोली बंद करून तुम्ही काल मित्राकडं गेलात, आत्ता उगवताय, तर ऐका. मी दूध तापवत होते नि आमच्या अत्ते — सासूबाई हो — देवघरातून म्हणाल्या, "वसुमती, लसूण कोण परततंय?" आमच्या घरात लसूण पिढ्यानपिढ्या नाही, नि आज तर एकादशी. मी दूध तसंच सोडून फडताळाकडं धावले. का म्हणजे? तसं काही नाही — तांदळाच्या डब्यामागं एक चटणीची बाटली असते, माझी, ती फुटली की काय वाटलं. हे तुम्ही ऐकलं नाहीत, सरी, कळलं ना?

बाटली शाबूत. मग वास कुठून? हुंगत हुंगत गेले — हसा, हसा — तर आश्लेषाच्या पाळण्याकडं जास्त. पाळणा कुठं? तुमच्या खोलीच्या भिंतीला लागून, नि त्या भिंतीला वर जाळी आहे. मग कुठली चटणी नि कुठली एकादशी. लेकीला उचललं, जिन्यातून वरच्या निधीला हाक मारली — ती कॉलेजात रसायन शिकवते. तुमच्या दाराशी आली नि तशीच मागं फिरली, "अक्का, ढेकणांसाठी कुणी गोळ्या ठेवल्यात का?" ठेवल्यात म्हणजे काय — तुम्हीच नाही का काल सांगितलंत, जुन्या सोफ्यात ढेकूण निघाले, धान्याच्या गोदामातल्या गोळ्या मिळाल्यात? नि मी काय म्हटलं — ठेवा, एकदाची पीडा जाईल. मीच म्हटलं हो. हे अत्तेंना माहीत नाही. अत्ते तर जपमाळेसकट रस्त्यावर, तुम्हाला नऊ फोन, तुम्ही झोपलेले.

निधीनं सांगितलं, गोळी कोरडी तोवर गप्प, हवेतला ओलावा लागला की फॉस्फीन वायू सुटतो. मधे फॉस्फरस, त्याला तीन हायड्रोजन, तिपाईच्या पायांसारखे — सातवी शिकले तरी तिपाई कळते मला. पण त्याच्याकडं आणखी दोन इलेक्ट्रॉन उरतात, कुणाशीच न बांधलेले. मी म्हटलं, म्हणजे तीन सोयरिकी जुळल्या तरी चौथीकडं डोळा? निधी म्हणाली, तसंच समज — धातू भेटला की त्याला ती जोडी देऊ करतो, ऑक्सिजन भेटला की त्याच्याशी घरोबा. अमोनियाही अशीच तिपाई, मधे नायट्रोजन, पण तो नाकाला झोंबतो, माणूस पळतो तरी. हा शुद्ध असला तर वासही देत नाही, लसणासारखा वास येतो तो त्यातल्या भेसळीचा, नि आत गेला की शरीराला ऑक्सिजन वापरूच देत नाही. मी विचारलं, एवढ्याशा छातीला किती पुरतो? निधीनं रिक्षा थांबवली, आधी डॉक्टरांकडं चल म्हणाली. तिनं रिक्षा थांबवली ना, तेव्हापासून मी बोलतेय.

डॉक्टरांनी तपासलं, ठीक आहे म्हणाले, दिवसभर लक्ष ठेवा. म्हणून मांडीवरून उतरवत नाही. बघा, झोपलीय — झोपलीच आहे ना? पोट हलतंय. हलतंय.

रडू नका हो, स्वल्प, घोटभर पाणी प्या. नि फोन काढा. तुमच्यासारखी खोल्या घेऊन राहणारी पोरं असतात ना तुमच्या ग्रुपवर — लिहा त्यांना, या गोळ्या राहत्या घरात नाही ठेवायच्या, कुणी दिल्या तरी नाही, नि पुढं सगळ्यांना पाठवा म्हणावं. माझं नाव नको. लेकीचंही नको. फक्त वय घाला. आठ महिने. लिहिलंत? आता गप्प बसा जरा, मला हिचा श्वास ऐकू दे.