कारखान्याला हार

...हार घातला हो, फोटोला! आणि फोटोत कोण, तर हे स्वतः! आता मला सांगा, जगात कुठला नवरा स्वतःच्याच फोटोला हार घालून, उदबत्ती लावून, वर बायकोला विचारतो, चहा टाकतेस का म्हणून? मी काही बोलले नाही. मी बोलतच नाही कधी, तुम्ही बघताय ना.

म्हणजे झालं काय, आमचे हे, शरच्चंद्र नाव, मुंबईला मोटारींच्या कारखान्यात होते. उभी नोकरी गाड्यांचे दरवाजे बसवण्यात गेली. दरवाजा एकट्याने बसत नाही म्हणे, एकाने बाहेरून धरायचा, दुसऱ्याने आतून आवळायचा. बाहेर हे, आत थळचा सदा. कारखाना बंद पडला त्याला झाली पंधरा-सोळा वर्षं, आम्ही इथे नागावला वाडीत येऊन राहिलो, नारळ-सुपारी बघावी की नाही माणसानं? पण ह्यांचं लक्ष कुठे? शनिवार-रविवारी समुद्रावर पर्यटकांच्या गाड्या येतात ना, हे कुंपणाशी उभे राहून दरवाजे आपटल्याचा आवाज ऐकतात! ह्याची बिजागरी गेली, त्याचं रबर सुटलं... अहो, आपल्या न्हाणीघराचं दार वर्षभर लागत नाहीये, कोणी आत येऊ नये म्हणून मी अंघोळ संपेपर्यंत गाणं म्हणते, ते नाही ऐकू येत? पण मी काही बोलले नाही.

तर मागच्या महिन्यात हे एका मुंजीला मुंबईला गेले आणि येताना वाकडी वाट करून कारखाना बघायला गेले. कारखाना कुठला! सपाट! भोवती पत्रे ठोकलेत आणि आत टॉवर उठतोय. घरी आले ते जेवलेच नाहीत. आणि बरोब्बर तेराव्याला सकाळी बघते तर माझ्या झेंडूला एक फूल शिल्लक नाही, आणि हॉलमधल्या मोठ्या फोटोला हार. फोटो म्हणजे कारखान्याच्या गेटसमोर नवी कोरी गाडी, भोवती सगळी शिफ्ट, मधोमध हे आणि ह्यांच्या खांद्यावर हात टाकून सदा. म्हटलं, अहो, माझ्या कपाळावर कुंकू आहे अजून! तर म्हणतात, हार माणसांना नाही, मागच्या इमारतीला आहे. आता हाराला काय कळतंय, पुढचं कोण नि मागचं काय?

तेवढ्यात त्या भार्गवीचा फोन. ही मुंबईची मुलगी, जुन्या कामगारांचे फोटो नि आठवणी गोळा करून प्रदर्शन लावणार आहे, बोलायला मोठी गोड. म्हणाली, काका, फोटो घरात जसा लावलाय तसाच पाठवा, भिंतीसकट. ह्यांनी पाठवला... हारासकट! आणि तोही तिला एकटीला नाही, जुन्या कामगारांच्या अख्ख्या ग्रुपवर, कारण ती त्या ग्रुपवर आहे आणि ह्यांना तेवढंच जमतं. पाठवला, फोन चार्जिंगला लावला, आणि गेले मागे वाडीत शिंपायला.

मग काय विचारता! भावपूर्ण श्रद्धांजली, ओम शांती, पुन्हा भावपूर्ण श्रद्धांजली... पण गेलं कोण? एकानं म्हणून विचारलं नाही! जो तो आपल्या मनानं एकेकाला पोचवून मोकळा. त्या फोटोत कडेला एक धर्मा उभा आहे, त्या धर्मानंसुद्धा हात जोडलेत. आता ह्याला काय म्हणायचं?

हे सगळं मला मागाहून कळलं हं. मी आपली दुपारची ओटीवर तांदूळ निवडत बसले होते, तर दारात रिक्षा थांबली, आणि उतरलं कोण, तर सदा आणि त्याची शकू!

अरे हो, सदाचं सांगायचं राहिलंच की. कारखाना बंद व्हायच्या वेळी बाकी सगळे गेटवर धरणं धरून बसले होते, आणि हा राजीनाम्यावर सही करून थळला निघून आला, बापाची होडी धरली. हे त्याला चारचौघांत पळपुटा म्हणाले. झालं, बोलणं बंद! एकाच ग्रुपवर असूनसुद्धा! अलिबागच्या बाजारात समोरासमोर आले तर एक मासळीकडे बघतो, दुसरा आभाळाकडे. अहो, थळ काय विलायतेत आहे? मधे एक अलिबाग! पण हे जातील तर शपथ. आणि फोटोवरची धूळ पुसताना मात्र सदावरून फडकं दोनदा फिरतं. मी बघते. बोलत नाही.

तर शकू पायरीवरच माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. हातात पिठलं-भाताचा डबा, सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारीपाजारी आणतात ना, तसा. मला वाटलं हिच्याच घरचं कोणी गेलं, म्हणून मीही लागले रडायला! पण मग डबा मला कशाला?

सदा सरळ आत गेला. फोटोपुढे उभा राहिला, हात जोडले, आणि फोटोशी बोलायला लागला हो.

"शरद, मी पळलो न्हाय रे. बापूस हातरुनाला खिळला व्हता. तू गेटावर उपाशी बसलेला, आनि मी घरी जेवत व्हतो. घास उतरत नव्हता. तुला सांगाया यायचं व्हतं. आज जाऊ, उद्या जाऊ..."

आणि मागच्या दारात हे! पाय चिखलानं भरलेले, हातात पाण्याचा पाइप, डोळे भरून आलेले. सगळं ऐकलं होतं.

"मग यायचंस की रे, सदा," म्हणाले.

सदानं मागे बघितलं. मग फोटोकडे. मग पुन्हा मागे. शकूचा हुंदका निम्म्यावर अडकला.

"मंग हार कोनाला?"

"कारखान्याला. पाडला सगळा."

आता दुसरा कोणी असता तर शिव्या घातल्या असत्या की नाही? सदानं डोळे पुसले आणि पुन्हा फोटोला हात जोडले, ह्या वेळी मागच्या इमारतीकडे बघून. हेही जाऊन त्याच्या शेजारी उभे राहिले, पाइप हातातच, अख्ख्या हॉलमध्ये पाणी! पण तेव्हा मला खरंच बोलवेना.

मग बसले दोघं. फोटोतल्या एकेकावर बोट ठेवून नावं काढली, भांडले, हसले, शकूचा डबा एका ताटात संपवला. संध्याकाळ झाली तसा सदा उठला, गुपचूप चपला घातल्या आणि पायऱ्या उतरला. आपल्याकडे रीतच आहे ना, मयताच्या घरून निघताना "येतो" म्हणायचं नाही, पाठ फिरवून चालू लागायचं. सवयीनं बिचारा तसाच निघाला. पण ह्यांचा चेहरा बघवेना. रिक्षा सुरू झाली तसे अनवाणी धावले अंगणात.

"सदा, येतो म्हण."

सदानं रिक्षातून डोकं बाहेर काढलं. "येतो," म्हणाला.

आणि येतो की हो! तेव्हापासून रोज येतोय, सकाळी चहाला जो येतो तो जेवूनच जातो!