तळाशी गप्प बसायचं नाही

(सूर्यमाळजवळचा एक पाडा. सकाळ. आटलेल्या विहिरीच्या तळाला प्रतिक्षा, कमरेला दोर. काठावर दोर धरून तिची आई शीला, आणि बादली ओढायला शेजारची म्हातारी धोंडीबाई.)

प्रतिक्षा : सैल सोड ना जरा, आये! वाकताच येत नाही. वाटी झऱ्यापर्यंत पोचायला नको?

आई : पोचेल तेवढी पोचू दे.

प्रतिक्षा : अगं, कंबर कापली माझी!

आई : कापू दे.

धोंडीबाई : सोड गं शीले, वीतभर. पोर टांगल्यासारखी दिसते वरून.

आई : घे. सोडला. आता बोल. गप्प का झालीस?

प्रतिक्षा : गप्प कुठं? वाटी भरत होते.

आई : भरता भरता बोलायचं. उतरायच्या आधी काय सांगितलं? तळाशी गेलेल्या बाईनं गप्प बसायचं नाही. आवाज वर येत राहिला पाहिजे.

प्रतिक्षा : मला बोलायला सांगावं लागतं का आता? परवा माईकवर बोलले मी, अख्ख्या आश्रमशाळेसमोर! हेमराज सरांनी विचारलं, आभार कोण मानणार, आणि माझा हात आपोआप वर. गेल्या वर्षी हजेरी द्यायला तोंड उघडत नव्हतं माझं. परवा पाय थरथरले नाहीत की काही नाही.

आई : जमिनीवर उभी होतीस म्हणून.

धोंडीबाई : कसले आभार गं बाय?

प्रतिक्षा : सिनेमाचे! तुला सांगितलंच नाही का, आजी? खोडाळ्याला आमच्या शाळेत विज्ञानाची गाडी आली होती, सुटी लागायच्या दिवशी. थांब, आधी बादली ओढ. भरली.

धोंडीबाई : ही तर अर्धीच हाय.

प्रतिक्षा : अर्धीला भरली म्हणायचं. झरा करंगळीएवढा आहे इथं. तर ऐक. त्यांनी पटांगणात काळा तंबू ठोकला, पंख्यानं फुगवलेला. आत सगळ्यांनी गोणपाटावर उताणं पडायचं. पडदा समोर नाही, वर! अख्खं छतच पडदा. दिवे गेले, आणि आला ना शनी.

धोंडीबाई : कोण आला?

प्रतिक्षा : शनी. ग्रह गं, कडंवाला. एवढा मोठा, एवढा मोठा की तंबूत मावेना. आधी नुसती सोनेरी रेघ, मग ती फुगत फुगत पार आमच्या नाकापर्यंत. बाळीनं माझा दंड धरला, वळ उठलेत अजून. चंदनानं डोळे मिटले ते शेवटपर्यंत, आणि वर मलाच विचारते, काय झालं, काय झालं. आणि लाडक्या, दहावीतला, कबड्डीत सगळ्यांना आपटतो तो, तो ओरडला, 'पडलो, पडलो!' जमिनीवर झोपलेला होता, आजी!

आई : पाय कुठं ठेवलेस?

प्रतिक्षा : दगडावर.

आई : कुठल्या? डावीकडचा हलतो.

प्रतिक्षा : माहीत आहे. उजवीकडच्या. तर त्या सिनेमात एक बाई असते. यानातून शनीपाशी गेलेली. बरोबरचा माणूस आजारी पडतो, म्हणून बिघाड झालेला भाग दुरुस्त करायला तिला एकटीला बाहेर जावं लागतं. पांढरा जाड पोशाख, डोक्याला काच, आणि कमरेला दोर.

धोंडीबाई : शनीपाशी कशाला मरायला गेली? लोकं त्याला तेल घालून लांब ठेवतात.

आई : दोर कोणी धरला होता?

प्रतिक्षा : धरायचा नसतो, आये. यानाला आकड्यानं अडकवलेला असतो.

आई : दुसऱ्या टोकाला माणूसच नाही?

प्रतिक्षा : नाही.

धोंडीबाई : आकड्याला काय कळतं, खाली बाई हाय का दगड.

प्रतिक्षा : तेच! पुढं ऐक ना. दोर पुरत नाही. बिघडलेला भाग पुढं राहतो, हात पोचत नाही. मग ती काय करते, आकडा सोडवायला लागते. आणि अख्खा तंबू ओरडला, 'दोर धर! दोर धर!' मुलं, मुली, पहिलीतली पोरंसुद्धा. भात शिजवणारी कमूमावशी दारात उभी होती, ती तर आत घुसली, 'ए बाई, येडी झालीस काय, दोर नको सोडू!' गाडीवाले दादा हसायला लागले. म्हणाले, बाकी शाळांत पोरं इथं टाळ्या वाजवतात.

आई : त्या शाळांतल्या पोरांच्या आया उतरत नसतील.

प्रतिक्षा : आणि ते कडं आहे ना शनीचं, ते कशाचं असतं, सांग.

धोंडीबाई : सोन्याचं.

प्रतिक्षा : बर्फाचं! सर म्हणाले, दगड-धूळ थोडी, बाकी सगळा बर्फ. म्हणजे पाणीच.

धोंडीबाई : सगळं?

प्रतिक्षा : सगळं.

धोंडीबाई : आणि कोणी भरत नाय?

प्रतिक्षा : कोण भरणार, आजी! सिनेमातल्या बाईच्या चहूकडे ते चमचम फिरत असतं. मी इतकं सुंदर काही बघितलंच नाही कधी. पावसात धबधब्याचे थेंब उडतात ना, दाभोशाला? तसे, पण थांबलेले. मी तोंड उघडून बघत होते. आणि त्या बाईच्या काचेला आतून घाम. तहान लागलेली. पोशाखातली पाण्याची नळी सुकलेली.

आई : तुला होतंय का तसं? घसा सुकल्यासारखं? डोकं जड?

प्रतिक्षा : नाही गं. मस्त गार आहे इथं. तुम्हीच उन्हात आहात.

आई : वास?

प्रतिक्षा : शेवाळाचा. आये, तू ऐकतेस का सिनेमा?

आई : ऐकतेय. बोल तू.

प्रतिक्षा : मग एक बर्फाचा धोंडा येतो. घराएवढा. सगळ्यांना दिसतो, तिलाच नाही, तिची पाठ तिकडं. आणि यानावर धडकतो. तुकडे तुकडे! पण आवाज नाही, आये. तिथं हवा नसते ना, म्हणून आवाजच होत नाही. एवढं सगळं फुटतंय आणि काहीच ऐकू येत नाही. तिचा रेडिओपण गेला. तंबूत कोणी खोकलंसुद्धा नाही. मला माझ्या कानातली धडधड ऐकू येत होती. ते सांगून कळायचं नाही तुम्हाला. थांबा, दाखवते.

आई : काय दाखवतेस?

धोंडीबाई : शनी दाखवते जणू. विहिरीत.

आई : प्रतिक्षा, काय दाखवतेस?

धोंडीबाई : वाकली असेल. वाटी भरते.

आई : ए पोरी.

धोंडीबाई : अगं, दिसते का तुला? मला नुसता काळोख.

आई : डोकं दिसतं. प्रतिक्षा! बोल! धोंडीमावशी, डोकं हलत नाही तिचं.

धोंडीबाई : सकूचं असंच झालं होतं.

आई : बादली सोड. इकडं ये. धर. ओढ! ओढ मावशी!

प्रतिक्षा : अगं! अगं, थांब! आये, मी गंमत... भिंत! गुडघा! आये, थांब ना!

धोंडीबाई : आवाज आला! शीले, आवाज आला तिचा!

आई : ओढ!

प्रतिक्षा : बादली सांडली! मी बरी आहे, आये! ऐकू येतं का तुला? बरी आहे मी!

आई : ओढ!

धोंडीबाई : आली, आली. काठ धर बाय. हात दे. बस इथं, आडवी हो.

प्रतिक्षा : आडवी कशाला? काही झालं नाही मला. नुसतं खरचटलंय. आये, सोड आता दोर. आवळतोय.

धोंडीबाई : मुठी सुटत नाहीत तिच्या. शीले. शीला. सोड. वर आली पोर.

प्रतिक्षा : मी नुसतं गप्प राहून दाखवत होते. सिनेमातल्यासारखं. तुम्हाला कळावं म्हणून.

आई : किती वेळ गप्प होतीस?

प्रतिक्षा : थोडासाच.

आई : थोडासाच.

प्रतिक्षा : खरंच, आये. मी मनात हसत होते, आता बोलणार होते, तेवढ्यात...

आई : वर बसणाऱ्याला विचार किती वेळ ते.

धोंडीबाई : सकू अशीच गेली होती तळाला. बहिणीच्या लग्नाचं सांगत होती, हळदीत कोण पडलं, कोण रुसलं. अर्ध्या शब्दात थांबली. दोर तुझ्या आयेच्याच हातात होता. वर काढली तर मान टाकलेली.

प्रतिक्षा : सकूकाकीला चक्कर आली होती म्हणालात.

धोंडीबाई : पोरांना तेवढंच सांगायचं. तळाला कधी कधी वाईट हवा बसते. दिसत नाय, कळत नाय. जीपनं जव्हारला नेली, वाटभर ही तिच्या तोंडावर पदरानं वारा घालत होती. वाचली. पण अजून बोलता बोलता मधेच थांबली ना सकू, तर तुझी आई हातातलं काम टाकते. बघितलं नाय कधी?

प्रतिक्षा : बघितलंय. मला वाटायचं, उगाच करते.

आई : गुडघा दाखव.

प्रतिक्षा : तुझा तळवा दाखव आधी. आये! साल गेली सगळी!

आई : दोर आहे तो. कापूस नाही. पाणी किती निघालं होतं, मावशी?

धोंडीबाई : एक हंडाभर पण नाय. आणि आता बादलीनं सगळा तळ ढवळला. निवळायला वेळ लागेल.

आई : मग आज नको. शेळ्यांना पाण्यासाठी काल सोडलं होतं तिकडंच खाली नेऊ.

धोंडीबाई : तिकडं चिखल राहिलाय नुसता. आणि टँकर आज येतो का उद्या, ड्रायव्हरलाच माहीत. पाड्यातली येसू असती तर उतरली असती, ती बसली भिवंडीला वीटभट्टीवर. तुझा पाय सुजलेला. मी या वयात उतरले तर मला काढायला अख्खा पाडा लागेल.

प्रतिक्षा : मी उतरते.

आई : नको.

प्रतिक्षा : निवळलं की उतरते, आये.

आई : मघाशी उतरलीस ना नाचत? बघितलं मी.

प्रतिक्षा : मघाशी भीती वाटत नव्हती. आता वाटते.

धोंडीबाई : मग उतरू दे. भ्यालेली बाई बरी तळाला.

आई : इकडं ये. निवळलं असेल आता, हात वर कर. ही गाठ बघ. दोन वेढे, मग गाठ. ओढून बघ. जोरात ओढ.

प्रतिक्षा : बसली घट्ट. हाताला फडकं बांध तू. माझी ओढणी घे.

आई : शाळेची आहे ती.

प्रतिक्षा : सुटी आहे शाळेला. घे.

धोंडीबाई : जपून, बाय. खोबणी बघून पाय टाक. हा. पुढची. हा.

आई : बोल.

प्रतिक्षा : उतरतेय. उजवा पाय खोबणीत. डावा. आलं, दगड आला. पोचले, आये. गढूळ आहे थोडं, पण झरा चालू आहे.

आई : वास?

प्रतिक्षा : शेवाळ. डोकं ठीक. घसा ठीक. एक वाटी. आहे मी.

आई : हं.

प्रतिक्षा : दुसरी वाटी. आहे.

आई : हं.

धोंडीबाई : अगं, पण त्या शनीवरच्या बाईचं काय झालं? मेली का ती?

प्रतिक्षा : नाही, आजी. तिसरी. आहे. तिचा रेडिओ गेला होता ना, पण ती बोलतच राहते. कोणी ऐकत नाही असं तिला वाटतं, तरी बोलते. कुठला खिळा दिसतोय, हात कुठं आहे, पाय कुठं आहे. फुटलेल्या यानाच्या तुकड्या-तुकड्याला धरत सरकते आणि बोलते. मला तो भाग कंटाळवाणा वाटला होता. मुलंपण चुळबुळ करत होती. चौथी. आहे मी.

आई : हं. मग?

प्रतिक्षा : मग शेवटी कळतं, तिचं बोलणं पोचत होतं. पहिल्यापासून. खाली पृथ्वीवर सगळे ऐकत बसले होते. त्यांचाच आवाज तिच्यापर्यंत जात नव्हता. त्या बोलण्यावरूनच तिला शोधायला तिथलं जवळचं दुसरं यान पाठवतात. पाचवी. आहे.

धोंडीबाई : ऐकणारी कोण होती? तिची आई होती का?

प्रतिक्षा : ऑफिसातली माणसं होती, आजी. आईचं दाखवलं नाही.

धोंडीबाई : दाखवायला पाहिजे होती. शीले, दोर बघ किती ताणून धरलास. सोड वीतभर. पोरीला वाकता येत नाय.

प्रतिक्षा : असू दे, आजी. पोचतेय वाटी.