सर्जेरावचं मॅट्रिक

आमच्या सर्जेरावला मुलगी का मिळत नव्हती, सांगतो. नववीतनं शाळा सोडून गडी उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथ मशीनवर लागलेला. पगार आम्हा कारकुनांपेक्षा बरा, पण मॅट्रिक नाही म्हटलं की मुलीचा बाप दुसरा चहा विचारायचा नाही. म्हणून हातकणंगल्याला त्याचा मामा त्याला घेऊन मुलगी बघायला गेलता, तेव्हा मामानं ठोकूनच दिलं, "पोरगं मॅट्रिक हाय."

मुलीचा बाप म्हणाला, "आमची सहावीपतुर शिकलीया."

तेवढ्यात तारवाला दारात हजर. मुलीचा भाऊ लष्करात, त्यामुळं तार बघूनच घरातल्या बायकांनी गळा काढला. बापानं ती इंग्रजी तार सर्जेरावपुढं धरली. "पावणं, तुमी मॅट्रिक. वाचा की."

सर्जेराव कागदाकडं बघत नुसता घाम पुसत बसला. त्याचा चेहरा बघून बायका आणखीच रडायला लागल्या.

पोहे घेऊन आलेल्या मुलीनं वाकून तार वाचली. "रडू नकासा. दादाला रजा मिळालीया. सोमवारी येतोय."

रडणं थांबलं. मामा म्हणाला, "पावणं, ही कुठली सहावी?"

बाप खाली बघत म्हणाला, "मॅट्रिक झालीया. खरं सांगितलं की शिकलेली सून नको म्हणत लोक उठून जायचे. आन् तुमचं हे कुठलं मॅट्रिक?"

मामानं पोह्यांची बशी जवळ ओढली. "नववी. खोटं बोलायला दोन्ही घरं तोलामोलाची हायत. फोडा सुपारी."