गणपतीचा मुखवटा मुंबईला

गोवा मोकळा झाल्यानंतरच्या वैशाखातली गोष्ट. कणकवली स्टँडवर कुणकेश्वरच्या गाडीची वाट पाहणाऱ्या गुरुदासने वर्तमानपत्राची घडी घातली. शेजारच्या बाकावर मुंबईत कॉलेजात शिकणारी सुगंधा आपल्या दशावतारी मामाला पटवत होती.

"मामा, म्युझियमवाल्यांनी प्रदर्शनातली मधली जागा आमच्या कॉलेजाक दिली हा. थंय तुमचो गणपतीचो मुखवटोच व्हयो."

"आणि जत्रेत नाटक गणपतीशिवाय सुरू करू?"

"जत्रेत नको. पावसात द्या. तेवा नाटकाचो पेटारो बंदच आसता."

"पावसात देव निजता गो. तुझो बापूस घोरताना लोकांका दाखवशीत?"

"मग दिवाळीच्या आदी?"

"तेवा मी तेका नवो रंग देतंय. अर्धो रंगवलेलो देव नेतलंस?"

"नेतलंय. तुमकाय नेतलंय. थंयच रंगवा, लोकांच्या म्होरे."

"म्हणजे माका काचेत बसवतलंस?"

"काच कित्याक? पाट मांडतलंय, समई लावतलंय. देवाचा तोंड कसा उजळता, ता मुंबयची माणसा बघतली."

"थंयचे सायब ऐकतले?"

"तेंका मी ऐकवतलंय."

"आवशीवर गेलंस. तीय अशीच, नाय म्हटला की हट्टाक पेटायची."

कुणकेश्वरची गाडी लागली. गुरुदास उठला नाही.

"मामा, मग हय म्हणा मरे!"

"एक गोष्ट आदीच सांगतंय. रंग मी माझो आणतलंय. मुंबयचो रंग देवाच्या तोंडाक लागूचो नाय."