पल्पर मशीनची जाळी आणि शेडचे कुलूप

जबाब, दि. ९ मे

नाव : तुळसा सत्यवान गावकर, वय ५४ वर्षे, धंदा : आंबा कारखान्यात हंगामी काम, रा. मसुरे, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी जितेंद्र खोबरेकर यांच्या आंबा पल्पच्या कारखान्यात बारा हंगाम काम करते. गेल्या हंगामापर्यंत आमची नावे हजेरीपटावर होती व फंड कापला जात होता. यंदा मार्चमध्ये मालकांनी आम्हा नऊ बायकांच्या एका कागदावर सह्या घेतल्या व सांगितले, "तुमी आता माझी कामगारां न्हय. तुमी स्वतंत्र ठेकेदार. तुमचे तुमीच मालक."

मशीन त्यांचे, एप्रन त्यांचा, आठची घंटा त्यांची. लघवीला जाताना आम्ही 'मालक' बायका सुपरवायझरची परवानगी घेत होतो.

पल्पर मशीनच्या तोंडावर, हात आत जाऊ नये म्हणून, लोखंडी जाळी असते. फळ हळू जाते म्हणून मालकांनी ती दहा दिवसांपूर्वी काढायला लावली. मी विचारले असता म्हणाले, "ठेकेदारान आपली काळजी आपण घेवची."

काल दि. ८ रोजी सकाळी ११.२० वाजता माझ्या शेजारी उभ्या असलेल्या नम्रता धुरी, वय २६, हिचा उजवा हात मशीनमध्ये ओढला गेला. मशीन मी बंद केले. मालक आले. त्यांनी प्रथम पल्पच्या टाकीत पाहिले. नम्रताला नेण्यासाठी टेम्पो मोकळा करताना आंब्याची कॅरेट आपटू नयेत, अशी त्यांनी दोनदा ताकीद दिली.

टेम्पो गेल्यावर त्यांनी मेकॅनिक चंदन यास सांगितले, "जाळी बसव. तपासणीक साहेब येतीत तेव्हा बसलेली दिसाक होयी." चंदन खाली मान घालून पाना शोधू लागला. त्याला घरी दोन मुली आहेत, म्हणून त्याच्याबद्दल मी काही सांगत नाही.

मी मेन स्विच पाडला, सर्वांना बाहेर काढले व कडीला चावीसह लटकत असलेले कुलूप शेडला लावले. मालक ओरडले, "कोणाक इचारून बंद केलंस?"

मी म्हटले, "ठेकेदाराक इचारूचा लागता काय?"

यावर त्यांनी माझ्या जातीचा व नवऱ्याच्या दारूचा उल्लेख केला. नवरा वारून सहा वर्षे झाली. चावी मी दुपारी एक वाजता स्वतः या पोलीस ठाण्यात जमा केली. पंचनाम्यात जाळी मशीनमागे भिंतीला टेकलेली मिळाली.

मी शेड बेकायदा अडवली व त्यामुळे आंबा नासला, अशी मालकांची तक्रार मला वाचून दाखवण्यात आली. आंबा नासला हे खरे आहे. त्याला किती वेदना झाल्या, हे मालकच सांगू शकतील.

नम्रता रुग्णालयात आहे. तिची तीन बोटे काढावी लागली. मालक अद्याप तिकडे फिरकलेले नाहीत. त्यांच्या वकिलाने आमच्या सह्यांच्या त्या कागदाची झेरॉक्स तेवढी पाठवली आहे. काल संध्याकाळी मी गेले तेव्हा ती शुद्धीवर आली. मला ओळखून तिने विचारले, "गे तुळसाकाकी, माझो आज खाडो लावल्यानी काय?"

माझा हा जबाब मला मराठीतून वाचून दाखवला. मी बोलले तसाच तो लिहिला आहे. कोणाच्या दबावाखाली दिलेला नाही, म्हणून खाली सही करते.

सही/-
(तुळसा सत्यवान गावकर)